कोकणातल्या दमट हवेत सी मॉस कसं वापरावं आणि टिकवावं

सी मॉस म्हणजे खाण्याजोगं समुद्री शेवाळ. पण या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात आणि पहिला घोळ तिथेच होतो. मूळचं आयरिश मॉस, म्हणजे कॉन्ड्रस क्रिस्पस, उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यात खडकांवर वाढतं. आपल्या समुद्रात ते येत नाही. भारतीय बनावटीचं म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा कॅप्पाफायकस असतं. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती होते. तिसरं ग्रॅसिलेरिया, शेवयांसारखं बारीक. चायना ग्रास ज्या वनस्पतींपासून करतात त्यांतली ही एक. तेव्हा शेवाळ खाणं आपल्या स्वयंपाकघराला अगदीच परकं नाही, फक्त ते पांढऱ्या पट्ट्यांच्या रूपात येत होतं.

पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कुठून काढलं ते ठिकाण आणि जड धातूंच्या तपासणीचा उल्लेख नसेल तर ते घेऊ नये. शेवाळ पाण्यातलं चांगलं शोषतं तसं आर्सेनिक आणि कॅडमियमही शोषतं.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ओहोटीला खडकांवर दिसणारं शेवाळ उपटून खाऊ नका. खाडीच्या तोंडाशी सांडपाणी असतं, बंदरात डिझेल असतं, आणि मालवणला तर सागरी अभयारण्य आहे. शिवाय दिसायला सारखं म्हणजे खायला सारखं नव्हे. 1991 साली ग्वाम बेटावर ग्रॅसिलेरियाच्याच जातीचं ताजं शेवाळ खाऊन विषबाधा झाली होती आणि त्यात माणसं दगावली होती.

आता भिजवणं. शेवाळ भिजवून, शिजवून, मिक्सरमधून काढून त्याचं जेल करायचं आणि बहुतेक वेळा तेच खाण्यात वापरायचं. 30 ग्रॅम सुकं शेवाळ घ्या, साधारण एक मोठी मूठ. आधी ते कोरडंच परातीत झटका. वाळू, शिंपल्यांचे तुकडे, तराफ्याच्या दोरीचे धागे खाली पडतील. मग भरपूर पाण्यात तीन वेळा चोळून धुवा. प्रत्येक वेळी शेवाळ वर उचलून घ्या आणि पाणी ओता. उलट केलं, म्हणजे भांडंच कलंडवलं, तर तळाची वाळू पुन्हा शेवाळावर बसते. नंतर ते बुडून वर चार बोटं पाणी राहील इतक्या पिण्याच्या पाण्यात भिजत घाला. कॅप्पाफायकसला 12 ते 18 तास लागतात. खरं आयरिश मॉस मात्र 15 मिनिटांत मऊ पडतं.

भिजवायचं भांडं फ्रीजमध्येच ठेवा. थंड देशातल्या कृतींत रात्रभर ओट्यावर ठेवा असं लिहिलेलं असतं, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात इडलीचं पीठ सहा तासांत वर येतं तिथे हे पाणीही सकाळपर्यंत बुळबुळीत होऊन वास मारू लागतं. मधे एकदा पाणी बदला. भिजवलेलं पाणी पौष्टिक म्हणून पिण्याचा सल्ला दिसतो. तो मानू नये, त्यात मुख्यतः मीठ उतरलेलं असतं. फांदी दोन बोटांत दाबली की रबरासारखी दबली पाहिजे आणि नखाने सहज तुटली पाहिजे. आत कडक गाभा लागला तर अजून चार तास द्या, नाहीतर जेलमध्ये कणी राहते.

निथळलेलं शेवाळ 300 मिली पाण्यात घालून मंद आचेवर 10 ते 15 मिनिटं शिजवा. न शिजवता मिक्सरमधून काढलं तरी लगदा होतो, पण त्याची चिकट ताकद पूर्ण सुटत नाही. आटलेलं पाणी भरून काढा, कोमट झाल्यावर मिक्सरला बारीक फिरवा आणि काचेच्या बरणीत ओता. मिक्सरच्या भांड्याला ते थिजून बसायच्या आत भांडं गरम पाण्याने धुवा. साधारण 400 मिली जेल होतं आणि पोह्याच्या मोठ्या चमचाभर, म्हणजे 15 मिली जेलमध्ये सुमारे एक ग्रॅम सुकं शेवाळ येतं. दिवसाला एवढंच पुरे.

शिजवताना आंबट काही घालू नका. कोकमाचा आगळ किंवा लिंबू घालून उकळलं की जेलची पकड तुटते आणि ते पुन्हा घट्ट होत नाही. सोलकढीत वापरायचं असेल तर दोन चमचे जेल पाव कप गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, कोमट होऊ द्या, मग अर्धा लिटर नारळाच्या रसात मिसळा आणि आगळ अगदी शेवटी घाला. मीठ त्यानंतर, चाखूनच, कारण आगळ खारट असतो. रसाचं पाणी खाली आणि साय वर, असं जे होतं ते या कढीत उशिरा होतं. थंड जेल थेट घातलं तर मात्र डोळ्यांएवढ्या गुठळ्या तरंगत राहतात.

नाचणीच्या आंबिलीत किंवा उकड्या तांदळाच्या पेजेत चमचाभर जेल गरम असतानाच ढवळलं की लागतही नाही. दुधात ते सर्वांत छान बसतं. अर्धा लिटर दुधात 5 ग्रॅम सुकं शेवाळ (आधी भिजवून) 20 मिनिटं मंद शिजवून गाळा, जरा निवल्यावर गूळ आणि जायफळ घाला, म्हणजे दूध फाटत नाही. थंड झालं की वड्या पडतील असं, खरवसाच्या जवळपास जाणारं होतं.

फ्रीजमध्ये जेल दहा ते बारा दिवस धरावं. एका माणसाला रोज एक चमचा म्हटलं तर 400 मिली पंचवीसहून जास्त दिवस पुरेल, म्हणून अर्धं लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला टाका. तिथे ते तीन महिने राहतं. वितळल्यावर पाणी सुटतं. हा बिघाड नव्हे, पण अशा जेलच्या वड्या होत नाहीत, ते आंबिलीत-पेजेतच घालावं. पावसात वीज दिवसभर गेली आणि ट्रे पूर्ण वितळून कोमट झाला तर पुन्हा गोठवू नका. बरणीत ओला चमचा घालू नका. आंबूस वास, गुलाबी किंवा काळे ठिपके, वर तार सुटणारं पाणी, यांतलं काहीही दिसलं तर वरचा थर काढून भागत नाही, सगळं टाकावं लागतं.

सुक्या शेवाळाचा खरा शत्रू जून ते सप्टेंबरची हवा. त्यातलं मीठ ओल ओढतं आणि कुरकुरीत फांद्या आठवड्यात चामट होतात. आगोटीच्या आधी, मेच्या कोरड्या उन्हात, पापडांसारखे दोन तास ऊन द्या, पूर्ण निवू द्या, आणि 30-30 ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. एका वेळी एकच पुडी निघते, बाकीच्यांना हवा लागत नाही. सुकट-बोंबलांच्या डब्याशेजारी ठेवू नका, वास धरतं. फांद्यांवर पांढरं दिसलं तर घाबरू नका, आधी बोट फिरवा. खरखरीत लागून पाण्यात विरघळलं तर ते क्षार आहेत. लोकरीसारखं मऊ, कुबट वासाचं असेल तर बुरशी.

गुणांबद्दल मोजकंच बोलावं. यात तंतू आहे, खनिजं आहेत आणि आयोडीन आहे, पण शरीराला लागणारी बहुतेक सगळी खनिजं यातून मिळतात ही जाहिरात खरी नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं आणि आयोडीनयुक्त मिठातून त्यातलं बरंच आधीच मिळतं. शेवाळातलं प्रमाण जातीप्रमाणे आणि समुद्राप्रमाणे फार बदलतं, म्हणून चमचे वाढवत जाणं धोक्याचं. थायरॉइडचा विकार असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी तर नकोच. कॅप्पाफायकसवरच्या त्या पांढऱ्या क्षारात पोटॅशियम भरपूर असतं.

टाकायचं जेल मोरीत ओतू नका, थंड झाल्यावर नळीत थिजतं. पाण्यात कालवून माडाच्या आळ्यात घाला.