चार नट, एक बांध आणि सेनिओ नदी: ठाण्यात कमांडो युद्धपट कसा करावा

कमी पैशांत युद्धपट करायचा तर लढाई घेऊ नका, मोहीम घ्या. लढाईला दोनशे माणसं लागतात. मोहिमेला चौघे, एक रात्र आणि एकच काम पुरतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या छोट्या निर्मात्यांनी याच हिशेबावर ढीगभर युद्धपट काढले. सेटवरचा आवाज ते ठेवत नसत, सगळं नंतर डब करत. त्यांच्याकडून उचलायचं ते हेच: चित्र लहान ठेवायचं आणि युद्ध आवाजात उभं करायचं.

आधी कथा. मराठी नटांना गोऱ्या कमांडोंची सोंगं देऊ नका, पहिल्याच मिनिटाला पितळ उघडं पडतं. तशी गरजही नाही. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने जर्मनांशी लढल्या आहेत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढताना पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. तुमची पात्रं काल्पनिक असू द्या, पण काळ आणि जागा हीच घ्या: एप्रिल १९४५, सेनिओवरच्या हल्ल्याच्या काही रात्री आधी. पलीकडच्या काठावर सुरुंग कुठे पेरलेत ते पाहून उजाडायच्या आत परत यायचं. संवाद आपोआप मराठीत येतात, आणि एप्रिल असल्याने तोंडातून वाफ निघत नाही हेही कुणाला खटकत नाही.

सेनिओ लहान नदी आहे, तिचं वैशिष्ट्य म्हणजे दोन्ही काठांचे उंच मातीचे बांध. शीळ-दायघरच्या बाजूला कुणाच्या खासगी जागेत सहा फुटी बांध मिळाला तरी काम होतं. कॅमेरा घोट्याच्या उंचीवर, २४ मिलिमीटरची लेन्स, आणि नट माथ्यावरून सरपटत यायचा. बांध दुप्पट उंच दिसतो. खाडीवर जाऊ नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, ऐरोलीच्या बाजूला फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि भरती तुमच्या शॉटसाठी थांबत नाही. येऊरही राष्ट्रीय उद्यानात येतं, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे ट्रायपॉड उघडू नका. फ्रेममध्ये माड, केळ, गुलमोहर आला की इटली संपली. दूरवरची सुरूची रांग मात्र खुशाल चालते.

नदी प्रत्यक्ष नदीत करायचीच नाही. मोकळ्या आवारात विटांची एकेरी चौकट रचा, १२ बाय ८ फुटांची, त्यात काळी ताडपत्री अंथरा आणि चार इंच पाणी भरा. साधारण नऊशे लिटर लागतं. ताडपत्री काळीच हवी. निळी असली तर तळ दिसतो आणि पाणी टाकीतलं वाटतं. पाण्यात नट गुडघ्यांवर चालतो, फ्रेम छातीवर कापायची. चंद्रप्रकाशासाठी परातीत पाणी घ्या, तळाला आरशाचे तुकडे ठेवा, एका दिव्याचा झोत त्यावर मारा आणि परात बोटाने हलवत राहा. चेहऱ्यावर जी लहर उमटते, तिनेच प्रेक्षकाला नदी दिसते.

रुंद शॉट मात्र दिवसा घ्या आणि रात्रीचे म्हणून दाखवा. सकाळी साडेआठच्या आत, सूर्य नटाच्या पाठीमागे, आकाश फ्रेमबाहेर, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिन, एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप कमी. आकाशाचा कोपरा आत आला तर रात्र होत नाही, नंतर संगणकावर रंग कितीही बदला.

पोशाखात खर्च वाचतो. रात्रीच्या गस्तीला लोखंडी टोप टाळत, तो फांदीला लागून वाजतो. डोक्यावर लोकरीची गोल टोपी. त्यामुळे टोप फक्त एक, जर्मन पहारेकऱ्याचा, आणि तोही सावलीतला. गणपतीच्या कारखान्यात कागदी लगद्याचं काम करणारा कारागीर तो करून देतो. रंगात बारीक वाळू मिसळायला सांगा, म्हणजे चकाकत नाही. सैनिकांचा अंगरखा कमरेपर्यंतच आखूड, विजारीच्या डाव्या मांडीवर मोठा खिसा. पोलिसी खाकी चालत नाही, रंग शेवाळी झाक असलेला तपकिरी हवा. आजच्या लष्कराचं ठिपक्यांचं कापड तर मुळीच नको: काळ चुकतो आणि कायद्याची भानगड होते.

आता बंदूक, कारण फसतं ते इथेच. घाडगे यांच्या पदकाच्या मानपत्रात एक तपशील आहे: मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी टॉमी गन (थॉम्प्सन सबमशीन गन) नळीकडून धरली आणि शत्रूच्या मशीनगनवरच्या उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. तुमच्या कथेत असा क्षण असेल तर बंदुका दोन लागतात.

पहिली जवळून दिसणारी. लांबी ८० ते ८५ सेंटीमीटर. वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड मिळतं, त्यातून दस्ता आणि मधला चौकोनी ठोकळा करा, नळीला ॲल्युमिनियमचा पाइप. खरी बंदूक जवळजवळ पाच किलोची असते. नुसत्या लाकडाची हातात तरंगते आणि नट ती छत्रीसारखी वागवतो. म्हणून ठोकळ्यात खाच पाडून १६ मिलिमीटरच्या सळीचे अर्ध्या मीटरचे दोन तुकडे बसवा, दीड किलो तिथेच वाढतं. रंग मॅट काळा, मग कडांवर पेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटाने घासा. दुसरी बंदूक हाणामारीची, पूर्ण योगा मॅटच्या फोमची. आत वेताची काठीसुद्धा नको.

गोळीबार संकलनात. टॉमी गन मिनिटाला सुमारे ७०० गोळ्या झाडते, म्हणजे २५ फ्रेमच्या चित्रात साधारण दर दुसऱ्या फ्रेमला एक ज्वाला. जर्मनांच्या एमपी-४० या सबमशीन गनचा वेग ५०० च्या आसपास, तिथे दर तिसऱ्या. वीस गोळ्यांचं मॅगझीन पावणेदोन सेकंदांत रिकामं होतं. नटाने दहा सेकंद बंदूक चालवली की जाणकार प्रेक्षक तिथेच सुटतो. फटाके वापरू नका. सुरुंगासाठी एलईडी पॅनेल क्षणभर पूर्ण उजळा, त्याच वेळी फ्रेमबाहेरून घमेल्याने कोकोपीट आणि मुलतानी माती उडवा. दूरचा स्फोट असेल तर आधी उजेड, मग आवाज: ३४० मीटरला एक सेकंद.

शूटिंगच्या आठवडाभर आधी पोलीस ठाण्यात पत्र द्या, सोबत जागेचा नकाशा, वेळा आणि नकली बंदुकांचे फोटो. शिक्का मारलेली प्रत सेटवर ठेवा. बंदुका नेताना गोणपाटात बांधलेल्या असू द्यात, रिक्षातून नळी बाहेर काढून नेऊ नका.

सेटवरचा आवाज मोबाइलवर फक्त इशाऱ्यापुरता घ्या. घोडबंदर रोडचे ट्रक, लोकल आणि कुत्री त्यात येणारच. संवाद नंतर कपड्यांच्या कपाटासमोर, गोधडी टांगून रेकॉर्ड करा. चिखलातली पावलं म्हणजे परातीत भिजवलेली कणीक, सावकाश दाबलेली. गवत म्हणजे जुन्या कॅसेटची फीत. आणि पलीकडच्या बांधावर जर्मन पहारेकरी कधीच पूर्ण दाखवू नका: खोकला, काडी ओढल्याचा आवाज, बुटाखालची खडी. सुरुंगाची तार सापडते तिथे हेही सगळं बंद करा आणि चार सेकंद नुसता श्वास ठेवा.