एस्पेरांतोत सर्वनाम कुठे आणि कसं ठेवावं

एस्पेरांतो या मुद्दाम रचलेल्या भाषेत शब्दक्रम मोकळा असतो म्हटल्यावर मराठी माणूस खूश होतो. क्रियापद शेवटी टाकायची आपली सवय चालून जाईल, असं त्याला वाटतं. चालतेही, पण कर्माला शेवटी ‘न’ लागला तरच. ती रचणाऱ्या झामेनहॉफने १८८७ मध्ये वॉर्सात ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही अट कायम आहे.

आधी सर्वनाम निवडा: मी, वी (तू, तुम्ही), ली (तो), शी (ती), जी (वस्तू), नी (आम्ही), ईली (ते सगळे). मराठी ‘आपण’ मात्र तपासूनच उतरवा. ‘आपण उद्या भेटू’ इथे नी, ‘आपण बसा’ इथे वी. ‘आपण नाय येणार’ असं मुंबईत एकटाच माणूस म्हणतो, तिथे मी. आणि ‘वय झालं की आपण विसरायला लागतो’ अशा सर्वसाधारण विधानात ओनी.

मग कर्माला ‘न’ जोडा. ‘शी वीदीस मीन एन दादर’ म्हणजे तिने मला दादरला पाहिलं. ‘मीन शी वीदीस’ किंवा ‘शी मीन वीदीस’ म्हटलं तरी अर्थ तोच, फक्त जोर हलतो. रोजच्या बोलण्यात कर्ता, क्रियापद, कर्म हा क्रम ठेवा. मीन पुढे आणायचं ते ‘मलाच’ म्हणायचं असेल तेव्हा. ‘एन’सारखे (एन म्हणजे ‘मध्ये’) शब्द नामाच्या आधी येतात, आणि त्यांच्यानंतरच्या सर्वनामाला एरवी ‘न’ लागत नाही: कुन मी (माझ्यासोबत), ‘कुन मीन’ नव्हे.

इथे मराठी दोनदा फसवते. आपण ‘रमेशला पाहिलं’ म्हणतो, पण ‘आंबा खाल्ला’. निर्जीव कर्माला काहीच लावत नाही. म्हणून ‘मी मान्जीस मांगो’ असं तोंडून जातं. हवं मांगोन. दुसरं, आपला ‘ला’ दोन कामं करतो. ‘तुला पाहिलं’ म्हणजे वीन; ‘तुला आंबा दिला’ म्हणजे ‘मी दोनीस आल वी मांगोन’. ज्याला दिलं, सांगितलं, दाखवलं त्याच्याआधी आल. ‘ने’ मात्र विसरून जा, कर्त्याला काही लागत नाही.

‘न’ची किंमत तुलनेत कळते. ‘मी तुला त्याच्यापेक्षा चांगलं ओळखतो’ हे मराठी वाक्य दोन्हीकडे झुकतं. ‘मी कोनास वीन प्ली बोने ओल ली’ म्हणजे तो तुला ओळखतो त्याहून चांगलं. शेवटी ‘ओल लीन’ केलंत, तर मी त्याला ओळखतो त्याहून चांगलं.

सर्वांत जास्त चुका ‘आपला’मध्ये होतात. ‘तो आपली पिशवी लोकलमध्ये विसरला’ म्हणजे ‘ली फोरगेसीस सीआन साकोन एन ला त्रायनो’. सीआ म्हणजे कर्त्याचा स्वतःचा, लीआ म्हणजे त्याचा; लीआन केलंत तर पिशवी दुसऱ्याच कुणाची तरी. ‘न’ दोन्ही शब्दांना लागतो. ‘सीआ साकोन’ ही नेहमीची चूक. इथवर मराठी साथ देते, पुढे नाही. ‘मी आपली पिशवी विसरलो’ मराठीत चालतं, एस्पेरांतोत तिथे मीआन (माझी), कारण सीआ फक्त तृतीय पुरुषात. ‘आपला भाऊ आला, असं तो म्हणाला’ हेही चालत नाही: ‘ली दीरीस, के लीआ फ्रातो वेनीस’. दुसऱ्या वाक्याचा कर्ता भाऊ आहे, आणि सीआ कर्त्याचा भाग होऊच शकत नाही. म्हणून लिहिताना आधी क्रियापदावर बोट ठेवा, त्याचा कर्ता शोधा आणि मगच सीआ लिहा.

नकाराचा ‘ने’ ज्या शब्दाला नाकारायचं त्याच्या अगदी आधी ठेवा. ‘मी ने वीदीस लीन’ म्हणजे मी त्याला पाहिलं नाही; ‘ने मी वीदीस लीन’ म्हणजे त्याला पाहिलं ते मी नव्हे. ‘फक्त’साठीचा ‘नुर’ही तसाच. हो-नाहीच्या प्रश्नात सुरुवातीला ‘चू’ लावा, बाकी क्रम बदलू नका: ‘चू वी वीदीस शीन?’