सीओपीडीच्या रुग्णाचा रात्रीचा ऑक्सिजन: घड्याळ कसं वापरावं, आलेख कसा वाचावा

सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. रात्री ऑक्सिजन मोजणाऱ्या घड्याळाचं ॲप सकाळी उघडलं की सगळ्यांची नजर आधी ‘किमान’ या आकड्यावर जाते. तिथे ८१ दिसला की घरात घबराट. एकट्यानं बघितला तर हा आकडा सगळ्यांत कमी कामाचा. बघायचं ते हे: रात्रभरात ९०च्या खाली एकूण किती वेळ गेला, तो सलग गेला की तुकड्यातुकड्यांनी, आणि असं किती रात्री झालं.

९०च का, तर एसपीओटू (रक्तातलं हिमोग्लोबिन किती टक्के ऑक्सिजननं भरलं आहे, तो आकडा) ९० म्हणजे धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ६० मिलिमीटर पारा. त्याच्या वर दाब थोडा हलला तरी आकडा फारसा हलत नाही. खाली मात्र सरळ उतार लागतो. दिवसा ९२-९३ असणारा रुग्ण आधीच त्या उताराच्या तोंडाशी असतो. झोपेत श्वास उथळ होतो. त्यातही रेम झोपेत, म्हणजे स्वप्नांच्या झोपेत, बरगड्यांमधले आणि मानेचे मदतीचे स्नायू सैल पडतात आणि सगळा भार श्वासपटलावर येतो. रेम झोप पहाटेकडे जास्त असते, म्हणून घसरणही बहुधा पहाटेच दिसते.

यंत्र कोणतं घ्यावं? मनगटी घड्याळ त्वचेवरून परतलेला प्रकाश मोजतं, आणि बरीच घड्याळं सलग नव्हे तर मधूनमधून मोजतात. बोटात घालायचा रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर किंवा रिंग दर काही सेकंदांनी नोंद घेते. श्वास १०-२० सेकंद अडकल्यानं येणारी छोटी घसरण घड्याळातून सहज निसटते, रिंगमध्ये सापडते. सीओपीडीसोबत घोरणंही असेल तर आमची पसंती रिंगला. विकत घेण्याआधी रात्रीची नोंद पीडीएफमध्ये काढता येते का, तेवढं विचारून घ्या. कोविडच्या काळात घेतलेला बोटाचा चिमटा झोपेत निसटतो, पण पडताळणीसाठी तोच उपयोगी.

घड्याळात झोपेतलं ऑक्सिजन मापन पुष्कळदा बंदच असतं. सेटिंगमध्ये जाऊन चालू करा. बॅटरी भराभर उतरते, म्हणून रात्री जेवताना चार्जिंगला लावायची सवय बरी. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, कोपराच्या बाजूला बांधा. पट्टा घसरू नये, पण सकाळी खोल वळही उमटू नये. ज्या कुशीवर झोप लागते त्या बाजूचा हात टाळा. तेल किंवा क्रीम लावलं असेल तर पुसा. रिंगसाठी नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नसलेलं बोट निवडा. थंडीत हात गार पडले की आकडा कमी येतो किंवा येतच नाही; हात पांघरुणात ठेवा.

झोपण्याआधी पाच मिनिटं शांत बसून चिमटा आणि घड्याळ दोन्हींचे आकडे घ्या. चिमट्याचा आकडा मिनिटभर स्थिर झाल्यावरच लिहा. दोनाचा फरक चालतो. रोज चार-पाचाचा येत असेल तर त्या घड्याळावरून फक्त चढउतार बघा, आकडा धरू नका. चिमटाही २-३ टक्क्यांनी चुकू शकतो. त्वचा गडद असेल तर ऑक्सिजन खरा कमी असूनही यंत्र तो जास्त दाखवू शकतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०२० साली हे ठळकपणे पुढे आलं.

तब्येत नेहमीसारखी असताना आठवडाभराची नोंद घ्या. पहिली रात्र सोडून द्या. शेजारी वही ठेवा: किती वाजता झोप, घरी ऑक्सिजन लावत असाल तर तो किती लिटरवर, नळी रात्री निघाली का, झोपेची गोळी, दारू, सर्दी, आणि सकाळी डोकं दुखलं का.

आता आलेख. ३:१२ला रेषा ९३वरून एकदम ८१ला जाते, पुढच्याच नोंदीत ९३, आणि त्याच क्षणी नाडीची रेषाही तुटलेली: हात अंगाखाली दाबला गेला, सोडून द्या. करवतीच्या दात्यांसारखी रेषा, दर मिनिटा-दोन मिनिटांनी चार टक्के खाली-वर, सोबत घोरणं: स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडकणं) असू शकतो, स्लीप स्टडी (झोपेची रात्रभराची तपासणी) लागते. चारपासून पावणेपाचपर्यंत ८६-८७वरच पडून राहिलेली रेषा: ही सीओपीडीची घसरण. ॲप बहुधा तिच्यावर काही बोलत नाही, पण डॉक्टरांना तीच दाखवायची. झोपेच्या ३० टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे सात तासांत दोन तासांच्या थोडं वर, ९०च्या खाली गेला तर त्याला रात्रीची घसरण म्हणण्याची पद्धत आहे.

आकडा कमी दिसला म्हणून कॉन्सन्ट्रेटरचा (घरी ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राचा) प्रवाह स्वतःहून वाढवू नका. काही रुग्णांच्या रक्तात जास्तीच्या ऑक्सिजननं कार्बन डायऑक्साइड साठतो. घड्याळावर ९६ दिसत असताना माणूस गुंगीत जाऊ शकतो, कारण घड्याळाला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. अशांसाठी डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२चं लक्ष्य ठेवतात. सकाळचं डोकेदुखणं ही कार्बन डायऑक्साइड साठल्याची खूण असू शकते; ते वहीत लिहायचं ते यासाठी.

आधी नळी तपासा: पलंगाच्या पायाखाली दबली का, नाकातून निघाली का, ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या) बाटलीचं झाकण ढिलं आहे का. नळीचं नाकाकडचं टोक ग्लासभर पाण्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर हवा वाटेतच गळते किंवा अडते आहे. मग टोक पुसून कोरडं करा.

आकडा चांगला असूनही फसवणारी दोन कारणं. बंद खोलीतली शेगडी किंवा गॅस गिझर: कार्बन मोनॉक्साइड चढला तरी यंत्र ९८ दाखवतं. आणि रक्तक्षय: हिमोग्लोबिनच कमी असेल तर ९८ टक्के भरूनही ऑक्सिजन अपुराच. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार असेल (विदर्भात आणि नंदुरबारकडे हा आजार बराच आहे) तर एसपीओटूचा आकडा आणि रक्ताच्या तपासणीतला आकडा जुळेलच असं नाही. तुमच्यासाठी नेहमीचा आकडा कोणता, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जागेपणी चिमट्यावर आकडा नेहमीपेक्षा तीन-चारांनी खाली राहिला आणि दम वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ओठ निळसर, बोलणं असंबद्ध, किंवा उठवूनही गुंगी जात नसेल तर १०८ला फोन करा, मग घड्याळ काहीही दाखवो.

एरवी छातीच्या डॉक्टरांकडे जाताना सात रात्रींचे आलेख, ९०खालचा वेळ आणि वही न्या. ‘स्लीप स्कोअर’चा स्क्रीनशॉट घरीच राहू द्या.