घरातलं झाकलेलं मूल कसं शोधायचं

माझ्या पणजीच्या नावाने एक शाळेचा दाखला सापडला त्यात वडिलांच्या नावाची जागा कोरी, घरात सगळे म्हणायचे मास्तर विसरले असतील. तुम्हाला असं काही मिळालं तर लगेच काका-मामांना फोन लावू नका, आधी कागद जमवा.

मूळ गाव माहीत असेल तर तहसीलमध्ये कोतवाल बुक बघा, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यात असतात, जुनी पानं मोडी लिपीत लिहिलेली निघाली तर पुण्यात मोडी वाचणारे मिळतात त्यांना दाखवा. नाशिक, पंढरपूरच्या उपाध्यांच्या वहीत वंशावळ मिळते पण ती घरच्यांनीच सांगून लिहिलेली, त्यामुळे नकोसं नाव गाळलेलं असू शकतं. मग तारखा जुळवा. नवरा वारल्यावर वर्षभराने बाळ झालं असेल तर तिथे थांबा, तिथेच काहीतरी आहे.

डीएनए टेस्टमध्ये साधारण २५ टक्के जुळलं म्हणजे सावत्र भाऊच असं नाही हं, काका, मामा, आजोबाही तेवढेच जुळतात, वय बघून ठरवा.

आणि त्या बाईला दोष देऊ नका प्लीज. जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच विधवांसाठी, त्यांचा दत्तक मुलगा यशवंतही एका विधवेचाच.

घरी विचारायचं तर सगळ्यांसमोर नको, आजी एकटी भाजी निवडत बसली असेल तेव्हा शेजारी बसा, "ती राहायची कुठे गं?" एवढंच विचारा आणि गप्प बसून ऐका.