बाहेरच्या आयसीयूतून रुग्ण येतोय? आधी एवढं करून ठेवा

सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, तिथून घराजवळच्या खाजगी हॉस्पिटलात. गोव्यात रुग्ण असे फिरतातच. औषधांना दाद न देणारी कॅन्डिडा ऑरिस ही बुरशीही त्यांच्यासोबतच फिरते. म्हणून रेफरलचा फोन आला की खाट आहे की नाही हे सांगण्याआधी विचारा: रुग्ण आयसीयूत किती दिवस होता, सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा व्हेंटिलेटर आहे का, बुरशीचा काही रिपोर्ट आलाय का. उत्तर गोलमोल आलं तर रुग्ण पॉझिटिव्ह धरूनच वेगळी खोली तयार ठेवा. आल्या आल्या काख आणि जांघेचा स्वॅब घ्यायचा. लॅबला आधी सांगून ठेवा, कारण जुन्या यंत्रांवर ही बुरशी कॅन्डिडा हेमुलोनाय या दुसऱ्याच बुरशीच्या नावानं निघून जाते. मॅल्डी-टॉफ या जंतू नेमका ओळखणाऱ्या यंत्रावर नमुना कुठे तपासून मिळेल, ते आजच ठरवा.

खरी मेख सफाईत आहे. ही बुरशी खाटेच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर आठवडेच्या आठवडे जगते, आणि क्वाटरनरी अमोनियमच्या सुवासिक लिक्विडवर भरवसा ठेवता येत नाही. सोडियम हायपोक्लोराइट हवं. 5 टक्क्यांची बाटली असेल तर एक भाग त्यातलं, चार भाग पाणी; झालं 1 टक्का. ते रोज ताजं करायचं, आपल्या उकाड्यात कालचं द्रावण आज कमजोर पडतं. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढा, मग हे लावा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. लावून लगेच कोरड्या फडक्यानं पुसलं तर नुसता वास येतो. टॉयलेट क्लीनरमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. धातूवर गंज चढतो, तिथे नंतर साध्या पाण्याचा हात फिरवा.

बीपीचा कफ, स्टेथोस्कोप, थर्मामीटर त्या खोलीचेच ठेवा. ऑक्सफर्डच्या एका न्यूरो आयसीयूतला उद्रेक काखेत लावायच्या, पुन्हा पुन्हा वापरल्या जाणाऱ्या टेम्परेचर प्रोबमुळे पसरला होता, हे विसरू नका. हात हँडरबनं धुवायचे, दिसण्याइतके मळले असतील तर साबणानं. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं टळत नाही. चतुर्थीला निम्मे कायमचे लोक रजेवर असतात, तेव्हा बदलीवर येणाऱ्या मावशींनाही हे दाखवून ठेवा. सुपरवायझरला सांगून भागत नाही.

फार्मसीत कॅस्पोफंजिन किंवा मायकाफंजिन ही बुरशीवरची औषधं आहेत का, पाहा. या बुरशीचे बहुतेक नमुने फ्लुकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला जुमानत नाहीत. मात्र नुसत्या कातडीवर बुरशी सापडली, आजार नाही, तर औषध सुरू करायचं नाही.

रुग्ण पुढे पाठवताना डिस्चार्ज कार्डावर पहिल्याच ओळीत लाल पेनानं कॅन्डिडा ऑरिस असल्याचं लिहा. बुरशी अंगावर महिनोन्‌महिने राहते, एक रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून ती ओळ खोडू नका. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलाही सांगा, स्ट्रेचर पुसायची आहे म्हणून.