खुराड्यातले तांबडे किडे: कोंबडीआधी तिचं घर बघा

गेल्या आषाढात माझी खुडूक कोंबडी चौदाव्या दिवशी अंडी टाकून उठली. तेरा अंडी बसवली होती, सगळी गार पडली. मी तिच्यावरच चिडले. रात्री नऊच्या सुमाराला बॅटरी घेऊन डालगं उचललं तेव्हा कळलं, की तिची काहीच चूक नव्हती. बांबूच्या विणीतून खसखशीएवढे तांबडे किडे निघून तिच्या पोटाखाली धावत होते. एक बोटानं चिरडला तर रक्त निघालं. ते तिचंच होतं.

आमच्या आजऱ्याकडे कोंबडीच्या अंगावर काहीही वळवळलं की पिसवा झाल्या म्हणतात. हे किडे पिसवा नव्हेत आणि उवाही नव्हेत. हे कोळ्याच्या जातीतले, आठ पायांचे. डॉक्टर त्यांना रेड माइट म्हणतात. पुरता वाढला तरी मिलिमीटरभर. उपाशी असताना राखाडी, रक्त प्यायल्यावर लाल. रात्री कोंबडीवर चढतो, पोट भरलं की उतरतो आणि उजाडायच्या आत फटीत जाऊन बसतो. म्हणून दिवसा कोंबडी हातात घेऊन पिसं उलटवून पाहणाऱ्याला काही सापडत नाही. मी दोन महिने तशीच पाहत होते. तोवर तुरे पांढुरके पडले, अंडी निम्म्यावर आली आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरेनात, फणसावर चढून बसायला लागल्या. कोंबडी आपल्या घराला भ्यायला लागली की त्याच रात्री बॅटरी घेऊन जा.

बसायच्या दांडीची खालची बाजू आणि तिची दोन्ही टोकं पांढऱ्या फडक्यानं पुसा. फडक्यावर लाल रेघा उठल्या तर हेच किडे. फटींच्या तोंडाशी मीठ-मिरीची पूड सांडल्यासारखं दिसतं, ती त्यांची कात आणि विष्ठा. किडे दिवसाढवळ्या कोंबडीच्या शेपटीखाली, मागच्या भागाजवळ दिसत असतील तर ती दुसरी जात, अंगावरच राहणारी. तिथे कोंबडीवरच उपचार करावा लागतो, तो डॉक्टरांकडून घ्या. पायाचे खवले उचलून खरखरीत झाले असतील तर तो किडा आणखी तिसरा.

आता काय करायचं ते सांगते. सासूबाईंनी खुराडं महिनाभर रिकामं ठेवायला सांगितलं होतं. ठेवलं, पण उपयोग झाला नाही. हा किडा रक्ताशिवाय महिनोन्‌महिने, थंडाव्यात तर सात-आठ महिनेही तग धरतो. तो उपाशी मरायची वाट बघू नका.

सलग दोन दिवस उघडीप मिळेल असं बघून काम काढा. काम पुरं होईपर्यंत कोंबड्या दुसरीकडे हलवा, पण जुनी डालगी आणि दांड्या बरोबर नेऊ नका. खालचा भुसा आणि अंडी घालायच्या खोक्यातलं गवत घरापासून लांब नेऊन त्याच दिवशी जाळा. उकिरड्यावर टाकलंत तर किडे परत येतात. मग भिंती, फळ्या, बिजागऱ्या, खिळ्यांची भोकं खरवडा आणि चुलीवरचं उकळतं पाणी फटीफटीत ओता. नुसतं गरम नको, उकळतंच हवं. खुराडं दोन दिवस कडकडीत वाळवा. मग भेगा सिमेंटनं बुजवा आणि कळीचा चुना विरवून दोन हात द्या. चुना विरवताना उसळतो, डोळे जपा, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

बांबूची दांडी मी काढूनच टाकली. तिच्या पोकळीत हजारोंनी किडे होते. आता गुळगुळीत रंधलेली लाकडी पट्टी आहे, भिंतीला न टेकणारी, दोन खुंटांवर उभी. दुधाच्या कपाटाच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात ना, तसं खुंटांच्या पायाशी तेलाचे डबे ठेवलेत. डबे अरुंद तोंडाचे घ्या, नाहीतर पिल्लं पडतात. जुनी डालगी जाळली आणि बुरुडाकडून नवी आणली. जीवावर आलं, पण त्या विणीतून किडे काढणं मला जमलं नसतं.

औषधाबद्दल कळकळीनं सांगते. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून मी भातावरचं औषध खुराड्यात मारलं आणि दोन तलंगा गमावल्या. पिकाचं औषध इथे वापरू नका. कुत्र्याच्या गोचिडीवरचं फिप्रोनिलही नको. २०१७ साली नेदरलँड आणि बेल्जियममध्ये याच किड्यांसाठी खुराड्यांत ते वापरलं गेलं, अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून काढावी लागली. आपली अंडी तर आपलीच पोरं खातात. मला पशुवैद्यकीय दवाखान्यात डेल्टामेथ्रिनचं औषध लिहून मिळालं. पाण्यात किती घालायचं आणि किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांनाच विचारा, कारण बाटलीगणिक ताकद वेगळी असते. रिकाम्या खुराड्यात फवारा, दाणापाण्याची भांडी बाहेर काढा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत घेऊ नका.

बहुतेकांचं काम फसतं ते यानंतर. औषधानं किडे मरतात, किड्यांची अंडी बहुधा वाचतात. उबेत ती दोन-तीन दिवसांत फुटतात आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून निघालेले किडे स्वतः अंडी घालायला लागतात. म्हणून सातव्या दिवशी पुन्हा सगळं करायचं आणि चौदाव्या दिवशी पुन्हा. सातव्या दिवशी एकही किडा दिसत नाही आणि अंगात कंटाळा भरतो. पहिल्या खेपेला मी तिथेच थांबले आणि महिन्यात होते तसे परत झाले.

कडुनिंबाचा आणि निरगुडीचा पाला मी अजूनही खोक्यात घालते, दर आठवड्याला बदलते. पण भरलेलं खुराडं नुसत्या पाल्यानं रिकामं झालेलं मी पाहिलं नाही. राखेचा मात्र फायदा होतो. वळचणीखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी, घमेलंभर चाळलेली गोवरीची राख आणि कोरडी माती ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावर राहिलेले किडे कमी होतात. बाजारातून आणलेली कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवते, आणि छपरातलं चिमण्यांचं घरटं पिल्लं उडून गेल्यावर काढते.

महिन्यातून एकदा खोक्याच्या पुठ्ठ्याचा, आत नागमोडी पन्हळ असलेला, हातभर तुकडा गुंडाळून दांडीखाली बांधते. तीन दिवसांनी काढून पांढऱ्या कागदावर झटकते आणि पुठ्ठा चुलीत टाकते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला बघते. मागच्या खेपेला चार निघाले, त्याच दुपारी पाणी उकळायला ठेवलं. तीच कोंबडी आता नव्या डालग्यात अकरा अंड्यांवर बसली आहे.