फॉर्ममधील डिफॉल्ट व्हॅल्यू: कुठे ठेवावी, कशी तपासावी

फॉर्म सबमिट झाला की सर्व्हरवर प्रत्येक फील्ड तीनपैकी एका अवस्थेत असते. त्याची 'की' (फील्डचे नाव) आलेलीच नसते, 'की' येते पण रिकामी असते, किंवा तिच्यात खरी व्हॅल्यू असते. पहिल्या दोन अवस्था एकच मानल्या की डिफॉल्ट (काही दिले नाही तर धरायची व्हॅल्यू) भलत्याच ठिकाणी लागू होते. पुढची उदाहरणे मुख्यतः जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कची आहेत, पण हा गुंता सगळ्याच फ्रेमवर्कमध्ये सापडतो.

१. आधी फील्डनिहाय निर्णय घ्या

सवलतीच्या टक्केवारीचे फील्ड घ्या. वापरकर्त्याने ते मुद्दाम पुसून रिकामे ठेवले, तर १० टक्के धरायचे, सवलत नाही असे धरायचे की चूक दाखवायची? हे फ्रेमवर्क ठरवू शकत नाही. उत्तर लिहून ठेवा, मगच कोडला हात लावा.

२. दाखवायची व्हॅल्यू वेगळी, रिकाम्या जागी भरायची व्हॅल्यू वेगळी

जँगोच्या फॉर्ममधले 'इनिशियल' फक्त कोरा फॉर्म दाखवताना कामाला येते. डेटा सबमिट झाल्यावर रिकाम्या फील्डच्या जागी ते आपोआप बसत नाही. फील्ड ऐच्छिक असेल तर रिकाम्या टेक्स्ट फील्डमधून रिकामी स्ट्रिंग मिळते आणि पूर्णांकाच्या फील्डमधून 'नन' (पायथनमध्ये 'काहीच नाही'). रिकाम्या जागी १० हवेच असतील, तर 'रिक्वायर्ड' (फील्ड सक्तीचे आहे का) फॉल्स करा आणि त्या फील्डच्या क्लीन मेथडमध्ये (आलेली व्हॅल्यू तपासणारे फंक्शन) ते भरा.

इथे 'व्हॅल्यू ऑर १०' असे 'ऑर' वापरून एका ओळीत काम उरकण्याचा मोह टाळा. शून्य हीदेखील खरी व्हॅल्यू आहे, पण 'ऑर' तिला खोटी समजते. वापरकर्ता शून्य टक्के भरतो आणि डेटाबेसमध्ये १० जातात, तेही कुठलीही चूक न दाखवता. व्हॅल्यू 'नन' आहे का, एवढेच स्पष्ट तपासा.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये नेहमीचे मिडलवेअर (विनंती कोडपर्यंत पोचण्याआधी चालणारा भाग) रिकाम्या स्ट्रिंगचा 'नल' करते. 'की' हजर असल्यामुळे 'इनपुट' मेथडला दिलेली दुसरी व्हॅल्यू अशा वेळी लागू होत नाही. फॉर्म रिक्वेस्टच्या (तपासणीचे नियम ठेवणारा क्लास) 'प्रिपेअर फॉर व्हॅलिडेशन' मेथडमध्ये डिफॉल्ट भरली की नियम तिच्यावरही चालतात.

३. चेकबॉक्सला वेगळी वागणूक द्या

टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही. म्हणजे 'नको' आणि 'आलेच नाही' या दोन्हींचे रूप सारखेच. जँगोच्या मॉडेल फॉर्ममध्ये (मॉडेल, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीची रचना सांगणारा क्लास, त्यावरून बनलेला फॉर्म) एखाद्या फील्डची की आली नाही आणि मॉडेलला डिफॉल्ट असेल, तर सहसा ती डिफॉल्ट टिकते. चेकबॉक्स याला अपवाद आहे: मॉडेलची डिफॉल्ट ट्रू असली तरी टिक नसेल तर फॉल्सच साठवले जाते, आणि ते योग्यही आहे. मात्र साध्या बूलियन फील्डला 'रिक्वायर्ड' ट्रू ठेवले तर टिक करणे सक्तीचे होते, हे विसरू नका.

डिसेबल केलेले इनपुटही ब्राउझर पाठवत नाही, 'रीडओन्ली' मात्र पाठवतो. जँगोच्या फॉर्म फील्डवरच 'डिसेबल्ड' ट्रू केले, तर कोणी डेटात फेरफार करून पाठवला तरी इनिशियल व्हॅल्यूच धरली जाते. बदलू नये अशा फील्डसाठी हाच खात्रीचा मार्ग.

४. मॉडेलच्या डिफॉल्टला फंक्शन द्या

तारखेसाठी 'टाइमझोन.नाऊ' कंसांशिवाय लिहा. कंस दिलेत तर सर्व्हर सुरू झाला तेव्हाची वेळ गोठते आणि नंतरच्या सगळ्या नोंदींना तीच लागते. जेसन फील्डलाही तयार रिकामी यादी न देता 'लिस्ट' हे नाव द्या. नाहीतर एकच यादी सगळ्या नोंदींत वाटली जाते.

५. फॉर्मसेटमधल्या ओळी हरवतात

फॉर्मसेट म्हणजे एकाच पानावर अनेक ओळींत तोच फॉर्म. त्यातल्या जादा ओळींत इनिशियल भरले आणि वापरकर्त्याने ते जसेच्या तसे स्वीकारले, तर जँगोच्या मते त्या ओळीत काही बदललेले नाही. मग ती तपासली जात नाही आणि साठवलीही जात नाही. तशी ओळ साठवायची असेल तर त्या फॉर्मची 'हॅज चेंज्ड' मेथड (काही बदलले का ते सांगणारी) ट्रू परत करेल अशी बदला.

६. दुरुस्तीच्या वेळी डिफॉल्ट बंद

अंशतः अपडेटमध्ये (फक्त काही फील्ड पाठवून केलेली दुरुस्ती) न आलेली 'की' म्हणजे 'आहे तसे राहू द्या'. तिथे डिफॉल्ट भरली तर जुना डेटा पुसला जातो. जँगो रेस्ट फ्रेमवर्क (जँगोवर एपीआय बनवण्याचे साधन) अंशतः अपडेटमध्ये डिफॉल्ट लावत नाही. स्वतःचा कोड लिहिताना हीच शिस्त पाळा.

७. चाचण्या

प्रत्येक डिफॉल्टसाठी 'की' नसलेली, रिकामी, फक्त स्पेस असलेली आणि शून्य अशा चार विनंत्या पाठवा. जँगोचे टेक्स्ट फील्ड दोन्ही टोकांच्या स्पेस काढते, म्हणून तिसऱ्या विनंतीचे उत्तर दुसऱ्यासारखेच यायला हवे. चौथीत शून्य शून्यच राहिले पाहिजे. साठवलेली नोंद डेटाबेसमधून पुन्हा वाचून ताडा. नुसते 'इज व्हॅलिड' (फॉर्म वैध आहे का) ट्रू आले म्हणून योग्य व्हॅल्यू साठवली गेली असे ठरत नाही.